गॅलरींतील पानफुटी

गिरगांव, दादर, परळ, लालबाग या भागांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांना बाग म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. गॅलरीच्या कठड्याशीं तुळस, शेजारीं कोरफडीची कुंडी आणि कोपऱ्यांतल्या डब्यांत पानफुटी, एवढाच पुष्कळांचा बगीचा. आज त्या चाळी पाडल्या जात आहेत, बिऱ्हाडें हलत आहेत. आणि सामान बांधतांना प्रश्न पडतो, कीं आजीच्या हातची ही जड कुंडी कशी न्यावी? माझें उत्तर असें, कीं ती नेतां आली नाहीं तरी हळहळूं नये. एक पान किंवा एक फांदी न्यावी. झाड तेंच राहील. मात्र तें जगवावें कसें, हें ठाऊक पाहिजे.

चाळींत नळ थोडाच वेळ येतो, म्हणून गृहिणी पिंप भरून ठेवते. हीं मांसल झाडेंही तशींच पानांत आणि खोडांत पाणी सांठवून ठेवतात. शिवाय त्यांतील बहुतेक आपलीं रंध्रें दिवसा मिटून घेऊन रात्रीं उघडतात, म्हणजे उन्हानें पाणी उडून जात नाहीं. रात्रीं आंत घेतलेला वायु आम्लाच्या रूपानें सांठतो व दिवसा उजेडांत त्याचें अन्न बनतें. हिंदुस्थानांत काम केलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८१३ सालीं कळविलें होतें, कीं पानफुटीचें पान सकाळीं आंबट लागतें आणि दुपारीं बेचव. त्या आंबटपणाचें कारण हेंच.

यावरून मुख्य नियम निघतो. तोडलेली फांदी तहानेनें सहसा मरत नाहीं. ती मरते कुजून. मीं स्वतः ऐन आषाढांत जेडची फांदी तोडून लगेच मातींत खोवली आणि वर तांब्याभर पाणी घातलें. आठवड्याभरांत ती बुडाशीं काळी पडून लिबलिबीत झाली. घाई आणि माया, दोन्ही नडल्या.

तेव्हां जेडची फांदी तोडल्यावर चारपांच दिवस सावलींत कोरडी ठेवावी. निवडुंगाचें फड आठवडाभर. जखमेवर कोरडी खपली धरली, कीं मग लावावी. दोन भाग जाड रेती व एक भाग माती पुरे. कुंडीला खालीं भोंक हवेंच. भोंक पाडलेली नारळाची करवंटीही चालते. पहिले कांहीं दिवस पाणी देऊं नये. पुढें माती पूर्ण सुकल्यावरच द्यावें.

पानफुटीला एवढेंही लागत नाहीं. तिचें पान ओलसर रेतीवर नुसतें आडवें ठेवलें, कीं कडेच्या खांचांतून इवलीं रोपें उठतात. कोरफडीचें मात्र उलट आहे. तिचें पान लावल्यास बहुधा सडतें. बुंध्याशीं येणारीं पिल्लें मुळांसकट सोडवून लावावींत.

शेर आणि त्रिधारी निवडुंग यांविषयीं एक इशारा. यांचा पांढरा चीक डोळ्यांत गेल्यास दृष्टीवर बेतूं शकतें. कापतांना मुलांना दूर ठेवावें, हात नीट धुवावे. चीक डोळ्यांत गेलाच, तर स्वच्छ पाण्यानें बराच वेळ धुवून तत्काळ डॉक्टरांकडे जावें.

राहतां राहिला आपला पाऊस. मुंबईंत वर्षाचा जवळजवळ सारा पाऊस चार महिन्यांत, दोन हजार मिलिमीटरांहून अधिक, कोसळतो. म्हणून हें काम दसरा-दिवाळीनंतर करावें, आणि पावसाळ्यांत कुंड्या छपराखालीं, वारा लागेल अशा ठेवाव्या. पण घर पावसाळ्यांतच सोडावें लागलें, तर? तरीही हरकत नाहीं. चार पानें नि दोन फांद्या कागदांत सैल गुंडाळून फडताळांत कोरड्या ठेवा. त्या कांहीं आठवडे थांबतील. नव्या घरीं खिडकी कोणत्या दिशेची आहे हें आधीं पाहा आणि मग लावा. एक फांदी शेजाऱ्यांनाही द्या. तुमची वाळलीच, तर तीच त्यांच्याकडून परत मागून आणतां येईल.