सही खरी, कार्ड कातरलेले!

बेसबॉलपटू होनस वॅग्नर यांचे छायाचित्र असलेले, १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटातून वितरित झालेले कार्ड अमेरिकेतील संग्राहकांमध्ये अत्यंत दुर्मीळ मानले जाते. त्याची एक प्रत १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि ब्रूस मॅकनॉल यांनी लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतली. पीएसए या प्रमाणन कंपनीने तिला दहापैकी आठ गुण दिले. २००७ मध्ये तिची किंमत २८ लाख डॉलरवर गेली. मात्र, तिच्या कडा आपणच कातरल्याची कबुली लिलावदार बिल मॅस्ट्रो यांनी २०१३ मध्ये दिली आणि संग्राहकांचे विश्व हादरले.

कार्डाचे मोल कडा, कोपरे आणि पृष्ठभाग यांवर ठरते. त्यामुळेच झिजलेली कड कातरणे, उडालेला रंग भरणे, रसायनाने डाग घालवणे असे प्रकार घडतात. भिंग, अचूक मोजमाप आणि अतिनील प्रकाश यांच्या साह्याने तज्ज्ञ ते हुडकून काढतात. असे कार्ड उघडकीस आले, की त्याला गुण मिळत नाहीत. फार तर 'अस्सल, पण फेरफार केलेले' असा शेरा मिळतो.

मग असे कार्ड टाकाऊच समजायचे काय? तसे नाही. खेळाडू हयात असल्यास काही संग्राहक त्यावर त्याची स्वाक्षरी घेतात. निर्दोष कार्डावर शाई उमटवणे जोखमीचे. इथे गमावण्यासारखे फारसे नसते. शिवाय स्वाक्षरीची परीक्षा स्वतंत्रपणे होते. अक्षरांची वळणे, शाईचा दाब, हाताचा ओघ हे सारे खात्रीच्या नमुन्यांशी ताडून पाहिले जाते आणि कार्डाला गुण न देता केवळ स्वाक्षरी प्रमाणित करून घेण्याचीही सोय असते.

अर्थात, स्वाक्षरी तज्ज्ञासमक्ष झालेली नसेल, तर प्रमाणपत्र हे अखेर एक मतच ठरते. एफबीआयने १९९० च्या दशकात हाती घेतलेल्या 'ऑपरेशन बुलपेन' या कारवाईत तर मदर तेरेसा यांच्या बनावट स्वाक्षरीचे बेसबॉल चेंडूही सापडले होते!

थोडक्यात, खऱ्या स्वाक्षरीने कातरलेले कार्ड निर्दोष होत नाही. खरेदीदाराने लेबलावरील कार्डाचा आणि स्वाक्षरीचा असे दोन्ही शेरे वाचावेत आणि विक्रेत्याने ते लपवू नयेत. फेरफार हा दोष खराच. पण त्याविषयी मौन बाळगून पैसे घेणे ही फसवणूक होय.