गॅरेजमधील कार्यशाळा : ज्येष्ठांच्या हातांना हक्काची जागा

नव्या घरात राहायला जाताना स्वयंपाकघर, देवघर आणि कपड्यांची कपाटे यांच्या जागा आधी ठरतात. वडिलांची हत्यारांची पेटी बहुधा ट्रकमधून सर्वांत शेवटी उतरते आणि 'तूर्त इथेच असू द्या' म्हणत गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवली जाते. ते 'तूर्त' पुढे कित्येक वर्षे टिकते. वर जुनी वर्तमानपत्रे साचतात, पावसाळ्यात पाने गंजतात आणि ज्या माणसाने त्या हत्यारांवर उमेदीची चाळीस वर्षे काढली, तो हळूहळू दूरचित्रवाणीसमोरच्या खुर्चीत स्थिरावतो.

कारखान्याच्या टूलरूममध्ये, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, एस.टी.च्या आगारात किंवा सुताराच्या पडवीत काम केलेल्या व्यक्तीची ओळख तिच्या हातांत असते. निवृत्तीनंतर घर बदलले, शेजार बदलला आणि जोडीला हातांचे कामही सुटले, तर ती ओळखच पुसली जाते. दुसऱ्या बाजूला मुलांची भीतीही खोटी नसते. दृष्टी मंदावलेली, तोल पूर्वीसारखा नाही, त्यात करवत आणि ग्राइंडर! या पेचावर 'बंदी' किंवा 'दुर्लक्ष' असे दोनच उपाय नाहीत. जागाच अशी घडवावी, की वय वाढले तरी काम सुरक्षितपणे चालू राहील.

ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात 'मेन्स शेड' नावाची चळवळ उभी राहिली. निवृत्त पुरुषांनी एखाद्या सामाईक शेडमध्ये जमावे, लाकडाची-लोखंडाची कामे करावीत आणि काम करता करता मन मोकळे करावे, एवढाच तिचा साधा हेतू होता. पुढे ती ब्रिटन, आयर्लंड आणि इतर देशांतही पोहोचली. समोरासमोर बसून न बोलणारी माणसे शेजारी शेजारी उभी राहून काम करताना बोलू लागतात, हे तिचे मर्म आपल्याकडील घरांनाही लागू पडते.

येथे विचार केला आहे तो स्वतःच्या बंगल्याच्या किंवा रो-हाउसच्या गॅरेजचा. उदाहरण म्हणून १० फूट रुंद आणि १८ फूट लांब अशी जागा घेऊ.

आधी प्रकाश

वयानुसार डोळ्याची बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर पडते. साठीतील डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतील डोळ्याच्या तुलनेत साधारण एक-तृतीयांश प्रकाशच पोहोचतो. म्हणून मुलाला 'पुरेसा' वाटणारा उजेड वडिलांना अंधुक वाटतो. ती तक्रार हट्टाची नसते.

हातकामाच्या टेबलावर साधारणपणे ५०० लक्स प्रकाश असावा, असे मानले जाते. ज्येष्ठांसाठी आणि बारीक कामासाठी त्याहून अधिक हवा. आपल्या उदाहरणातील गॅरेजचे क्षेत्रफळ सुमारे १७ चौरस मीटर भरते. चार फुटी, २० वॅटच्या एका एलईडी बॅटनमधून साधारण २००० ल्युमेन प्रकाश मिळतो. अशा चार बॅटनचे ८००० ल्युमेन झाले. त्यांतील निम्मा प्रकाश भिंती-छतात खर्ची पडतो असे धरले, तर खोलीभर सव्वादोनशे-अडीचशे लक्स मिळतात. वावरण्यासाठी हे पुरेसे आहे, कामासाठी नाही. म्हणून टेबलाच्या बरोबर वर आणखी दोन बॅटन लावावेत आणि बारीक कामासाठी मान वळवता येणारा एक दिवा ठेवावा. बॅटन पाठीमागे असतील तर आपल्याच डोक्याची सावली कामावर पडते. ते टेबलाच्या पुढच्या कडेच्या वर हवेत. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी वळता दिवा डावीकडे ठेवावा.

४००० ते ५००० केल्व्हिनचा पांढरा प्रकाश कामासाठी चांगला. रंग ओळखण्याची क्षमता दर्शवणारा 'सीआरआय' अंक खोक्यावर छापलेला असतो. तो ८०च्या वर, शक्यतो ९०च्या जवळ असावा. पिवळसर झालेल्या भिंगातून गडद निळी आणि काळी तार सारखीच दिसते, ही बाब विजेचे काम करणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. भिंतींना पांढरा पण चकाकी नसलेला रंग द्यावा.

जुनी चोकची ट्यूबलाइट मात्र काढून टाकावी. आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला ते जाणवत नाही; परंतु विशिष्ट वेगाने फिरणारे चाक त्या प्रकाशात थांबल्यासारखे भासू शकते. त्या भासावर विसंबून हात पुढे जाणे घातक ठरते.

चष्म्याचाही येथेच विचार व्हावा. टेबलावरचे काम डोळ्यांपासून दीड ते दोन फुटांवर असते. वाचनाचा चष्मा त्याहून जवळचा आणि दूरचा चष्मा त्याहून लांबचा. नेत्रतज्ज्ञांना हे अंतर मोजून सांगितले, तर कामासाठी वेगळा चष्मा मिळू शकतो आणि मान वर-खाली करण्याचा त्रास वाचतो.

जमीन, टेबल, मांडणी

पडण्याचा धोका यंत्रांइतकाच जमिनीवरही असतो. घरातून गॅरेजमध्ये उतरणारी एखादीच पायरी असेल, तर तीच सर्वांत फसवी. तिच्या कडेवर पिवळा पट्टा रंगवावा आणि शेजारी पकडायला दांडी बसवावी. वायर जमिनीवरून नेऊ नये. फार वेळ उभे राहून पाय दुखतात म्हणून रबरी चटई घातली, तर तिच्या कडा उतरत्या असाव्यात. मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झालेल्यांनी चपलेऐवजी बंद, जाड तळाचे बूटच घालावेत. पायात शिरलेला खिळा त्यांना वेळेवर कळत नाही.

टेबलाची उंची बाजारातील मापावर सोडू नये. सरळ उभे राहून कोपर काटकोनात वाकवावे. सर्वसाधारण कामासाठी टेबल त्या कोपराच्या ५ ते १० सेंटिमीटर खाली, सोल्डरिंग किंवा घड्याळासारख्या बारीक कामासाठी कोपराच्या किंचित वर, आणि रंधा मारण्यासारख्या जोराच्या कामासाठी आणखी खाली हवे. शेजारी पाठीला आधार देणारे, चाके नसलेले स्टूल असावे.

रोजची हत्यारे गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यातच ठेवावीत, म्हणजे वाकावे लागत नाही आणि स्टुलावर चढण्याचा प्रसंगही येत नाही. भिंतीवर प्लायवुडचा फळा लावून प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा काळ्या रंगाने काढावी : पकड, गुण्या, पटाशी, कानस. रिकामी रेषा दिसली, की काय जागेवर नाही ते लगेच उमगते. विसरभोळेपणा वाढू लागलेल्यांना हा फळा मोठा आधार ठरतो. स्क्रू-खिळ्यांसाठी पारदर्शक बरण्या आणि त्यांवर ठळक अक्षरांतील चिठ्ठ्या पुरेत.

वीज, धूळ, आवाज

कार्यशाळेसाठी वेगळे सर्किट घ्यावे, अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. विजेची गळती होताच तो क्षणार्धात प्रवाह तोडतो. सर्व यंत्रे एकाच वेळी बंद करणारा मुख्य स्विच दाराजवळ, हाताच्या उंचीवर असावा.

लाकडाची धूळ निरुपद्रवी नव्हे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये तिला माणसांत कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या यादीत घातले. नाक आणि सायनसच्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे. दमेकऱ्यांना तर ती लगेच त्रास देते. घासकाम दारापाशी, वारा पाठीशी घेऊन करावे, नीट बसणारा एन-९५ मास्क लावावा आणि भुसा झाडूने न उडवता व्हॅक्यूमने किंवा ओल्या फडक्याने उचलावा. एक एक्झॉस्ट पंखा आणि समोरच्या भिंतीत हवा आत येण्याची जाळी, ही जोडी आवश्यक आहे. गाडी अजूनही तेथेच उभी राहत असेल, तर शटर बंद असताना इंजिन क्षणभरही चालू ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

आवाजाचा हिशेबही सोपा आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी ८ तास सोसता येतो असे धरले, तर दर ३ डेसिबल वाढीला ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलच्या आसपास गर्जणाऱ्या करवतीसाठी ती उरते अवघी १५ मिनिटे. श्रवणयंत्र हे कानाचे संरक्षण नव्हे; यंत्र चालवताना कानांवर इअरमफ हवेच. शेजाऱ्यांच्या वामकुक्षीची वेळ टाळावी, हे सांगणे न लगे.

औषधे आणि अंगावरचे कपडे

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी कोणती कामे करावीत, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. जखम झाल्यास स्वच्छ कापड घट्ट दाबून दहा मिनिटे सलग धरावे. मध्ये उचलून पाहू नये. रक्त न थांबल्यास तडक रुग्णालय गाठावे. झोपेची किंवा गुंगी आणणारी सर्दीची गोळी घेतलेल्या दिवशी यंत्राला हात लावू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी काम करू नये आणि खिशात साखर बाळगावी. पेसमेकर असलेल्यांनी वेल्डिंगपूर्वी हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

उपरणे, मफलर, लुंगी, ओढणी, सैल बाह्या आणि गळ्यातील साखळी फिरत्या यंत्राजवळ नकोत. ड्रिल किंवा ग्राइंडरवर हातमोजेही धोक्याचे. ते गुंतले तर हातच आत ओढला जातो. डोळ्यांना संरक्षक चष्मा मात्र सदैव हवा.

काळजी घेणाऱ्यांसाठी

भिंतीवर घंटेचे बटण बसवावे, पण उंचावर नव्हे. पडलेल्या माणसाचा हात पोहोचेल अशा, जमिनीपासून फूटभर उंचीवर. शटर जड असेल तर कमरेवर ताण येतो. ते स्प्रिंगचे किंवा गिअरचे करून घ्यावे आणि आतून सहज उघडेल याची खात्री करावी. यंत्रकाम घरात दुसरे कोणी असतानाच करायचे, एवढा एक नियम दोघांनी मिळून ठरवावा. उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारचे काम टाळावे आणि पाण्याची बाटली टेबलावर असावी.

यंत्र चालू ठेवून विसरणे, ओळखीच्या हत्याराचा उपयोग न आठवणे, हातांवर वारंवार छोट्या जखमा दिसणे, ही चिन्हे गंभीरपणे घ्यावीत आणि डॉक्टरांना सांगावीत. मात्र एका रात्रीत गॅरेजला कुलूप लावू नये. आधी वेगाने फिरणारी यंत्रे काढावीत, मग धारदार हत्यारे. पॉलिश कागदाने घासणे, स्क्रू निवडणे, तेलपाणी करणे, नातवाला गुण्या धरायला शिकवणे ही कामे पुढेही दीर्घकाळ करता येतात. काय काढायचे हे त्यांच्याशी बोलून ठरले, तर तो निर्णय त्यांचाही होतो.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. त्याच्या आदल्या दिवशी घरातील दोन पिढ्यांनी मिळून सारी हत्यारे खाली काढावीत. गंज घासावा, बोथट पटाश्यांना धार लावावी, कारण बोथट हत्याराला जोर जास्त लागतो आणि तेच निसटते. फाटक्या वायरी टाकून द्याव्यात, आरसीसीबीचे चाचणी-बटण दाबून पाहावे. ते एरवीही अधूनमधून दाबावेच. आणि यंदा कोणते काम जड गेले, हे वडिलांना किंवा आईला तेथेच, हातात कानस असताना विचारावे. दिवाणखान्यात न मिळणारे खरे उत्तर बहुधा तेथे मिळते.