समुद्रतळावरचे चर

२६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ या भारतीय संशोधन जहाजाने अरबी समुद्राच्या तळावरून एक काळपट गोटा वर आणला. गोव्यातल्या दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने भारतासाठी एक नवे खाते उघडले ते त्या दिवशी. मॅंगनीज आणि लोखंडाच्या थरांत निकेल, तांबे आणि कोबाल्ट बाळगणारे असे गोटे खोल समुद्रात पसरलेले आहेत, हे जगाला १८७३ पासून, म्हणजे ब्रिटिशांच्या ‘चॅलेंजर’ मोहिमेपासून माहीत होते. भारताने मात्र त्यानंतर झपाट्याने पावले टाकली. १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळावर खनिजशोधासाठी नोंदणी झालेला भारत हा पहिला देश ठरला. कन्याकुमारीच्या दक्षिणेला, विषुववृत्त ओलांडून पलीकडे, मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात त्याला दीड लाख चौरस किलोमीटरचे क्षेत्र मिळाले. पुढे त्यातले निम्मे सोडून ७५ हजार चौरस किलोमीटर हाती ठेवले गेले. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या जवळपास एक चतुर्थांश भरेल एवढा हा टापू आहे आणि तिथे सुमारे ३८ कोटी टन गोटे असल्याचा सरकारी अंदाज आहे.

हा झाला खनिजाचा हिशेब. त्याच तळावर जगणाऱ्या जिवांचा हिशेब मांडायला आपण फार उशिरा सुरुवात केली.

पाच हजार मीटर खोलीवर सूर्यप्रकाश नाही. पाण्याचे तापमान गोठणबिंदूच्या जेमतेम वर आणि दाब आपल्या वातावरणाच्या पाचशे पट. अशा ठिकाणी काही जगत असेल, यावर एकेकाळी विद्वानांचाही विश्वास नव्हता. एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने १८४३ मध्ये सांगून टाकले होते की, साधारण साडेपाचशे मीटरच्या खाली समुद्र निर्जीव असतो. पुढे १८६० मध्ये भूमध्य समुद्रात तुटलेली तारायंत्राची केबल दुरुस्तीसाठी वर ओढली, तर तिला प्रवाळ आणि शिंपले चिकटून वाढलेले निघाले, आणि तेही फोर्ब्सने आखलेल्या सीमेच्या कितीतरी खालून. समजूत मात्र पूर्णपणे मेली नाही. ‘तिथे खाली आहे काय, नुसता चिखल!’ हे वाक्य आजही खाणकामाच्या बाजूने ऐकू येते.

चिखल आहे, हे खरेच. पण तो जिवंत आहे. वरच्या उजेडातल्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांना खाणारे जीव मरतात, त्यांचे अवशेष आणि विष्ठा कणाकणांनी खाली झिरपत राहते. शास्त्रज्ञ याला सागरी हिम म्हणतात. वरच्या उत्पन्नातला फार तर एक टक्का, बऱ्याच ठिकाणी त्याहूनही कमी, तळापर्यंत पोहोचतो. तेवढ्यावर समुद्री काकड्या, नाजूक तारामासे, कवचधारी किडे, गाळात बिळे करणारे कृमी आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्मजीव दिवस काढतात. अन्न इतके तुटपुंजे असल्यामुळे सगळेच संथ चालते. कॅलिफोर्नियाजवळ सुमारे १४०० मीटर खोलीवर एका ऑक्टोपस मादीने आपली अंडी तब्बल ५३ महिने राखली. संशोधक पुन्हा पुन्हा त्या खडकाशी गेले, दर वेळी ती तिथेच होती. सजीवसृष्टीत अंडी राखण्याचा याहून मोठा काळ आजवर नोंदलेला नाही.

गोट्यांचेही तसेच. एखादा शार्कचा दात किंवा शिंपल्याचा तुकडा गाळावर पडतो आणि पाण्यात विरघळलेले धातू त्याच्याभोवती थरांनी साचू लागतात. हा थर दहा लाख वर्षांत फक्त काही मिलिमीटर वाढतो. मुठीत मावणारा गोटा आधुनिक माणूस पृथ्वीवर अवतरण्याच्या कितीतरी आधीपासून वाढत आलेला असतो. शेकडो किलोमीटर पसरलेल्या मऊ गाळात घट्ट, टणक अशी वस्तू जवळजवळ हीच. ज्या जिवांना मुळासारखे रोवून बसायला कठीण जागा लागते, ते स्पंज, समुद्रफुले आणि प्रवाळ गोट्यावर बसतात. पेरूजवळच्या समुद्रात चार हजार मीटरच्या खाली संशोधकांना ऑक्टोपस माद्या दिसल्या. त्यांनी अंडी घातली होती ती मेलेल्या स्पंजांच्या दांड्यांवर, आणि ते स्पंज वाढले होते गोट्यांवर. गोटा उचलला की स्पंज गेला. स्पंज गेला की अंडी घालायला जागाच उरत नाही.

उचलणारे यंत्र कसे असते? तळावर चालणारे अजस्र वाहन वरचा काही सेंटिमीटर गाळ गोट्यांसकट ओढून घेते, गोटे लांबलचक नळीतून जहाजावर जातात आणि उरलेला चिखल पाण्यातच सोडला जातो. जिवांची गर्दी नेमकी त्या वरच्या थरातच असते. शिवाय उठलेला गाळ ढगासारखा तरंगत दूरवर जातो आणि पाणी गाळून खाणाऱ्या जिवांवर बसतो. मुळात त्या प्रदेशात गाळ हजार वर्षांत काही मिलिमीटरच साचतो. अशा स्वच्छ पाण्याची सवय असलेल्या जिवांना हा ढग नवाच असतो.

खुणा किती टिकतात, याचे उत्तर आज उपलब्ध आहे. हवाई आणि मेक्सिको यांच्यामधल्या क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यात १९७९ मध्ये एका खाण यंत्राची चाचणी झाली होती. २०२३ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ तिथे परत गेले. ४४ वर्षांनंतरही यंत्राने पाडलेले चर जसेच्या तसे होते. फिरून अन्न शोधणारे काही छोटे जीव परतले होते. जागेला चिकटून राहणारे मोठे जीव मात्र अजून परतलेले नव्हते. परतणार तरी कसे? त्यांची जमीनच नेली गेली होती.

जर्मन शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये पेरूच्या खोऱ्यात, सुमारे ४१५० मीटर खोलीवर, मुद्दाम तळ ढवळण्याचा प्रयोग केला. जवळपास ११ चौरस किलोमीटरच्या वर्तुळात आठ मीटर रुंदीचा नांगर ७८ वेळा ओढला. गोटे काढले नाहीत, फक्त गाळात गाडले. २६ वर्षांनी पाहणी झाली तेव्हा नांगराच्या खुणा ताज्या दिसत होत्या आणि चरांमधल्या सूक्ष्मजीवांची हालचाल शेजारच्या अस्पर्श गाळाच्या मानाने चार पटींपर्यंत कमी होती. सूक्ष्मजीवांचे काम पूर्ववत व्हायलाच किमान पन्नास वर्षे लागतील, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष आहे. २०२२ मध्ये क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यात एका खाण कंपनीने तीन हजार टनांहून अधिक गोटे उचलून पाहिले. त्या यंत्राच्या वाटेवर गाळातल्या छोट्या प्राण्यांची संख्या एक तृतीयांशाहून अधिक घटल्याचे नंतरच्या तपासणीत दिसले. या पट्ट्यातल्या ज्ञात प्राण्यांपैकी सुमारे ९० टक्के जातींना अजून शास्त्रीय नावही मिळालेले नाही, हे लक्षात घेतले की त्या घटीचा अर्थ कळतो.

भारताकडे या बाबतीत अभिमान वाटावा असे काम आहे आणि त्याची आठवण फारच कमी लोकांना असते. १९९७ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मध्य हिंदी महासागरात, पाच हजार मीटरहून खोल तळावर, सुमारे तीन किलोमीटर लांब आणि दोनशे मीटर रुंद पट्ट्यात यंत्र २६ वेळा ओढून गाळ ढवळला. पुढची काही वर्षे शास्त्रज्ञ त्या जागी परत जात राहिले आणि गाळ, रसायने, सूक्ष्मजीव, कृमी यांची मोजदाद करत राहिले. खाणीचा विचार करण्याआधी खाणीच्या परिणामांचा विचार करणारा हा प्रयोग होता. पण तो खऱ्या खाणीच्या तुलनेत नखाएवढाही नव्हता. व्यावसायिक खाण दरवर्षी शेकडो चौरस किलोमीटर तळ खरवडेल.

गोटे हा समुद्रतळाच्या संपत्तीचा फक्त एक प्रकार. मध्यसागरी पर्वतरांगांवर तळाच्या भेगांतून तापलेले, खनिजांनी भरलेले पाणी उसळते आणि तिथे सल्फाइड खनिजांची धुराडी उभी राहतात. १९७७ मध्ये गालापागोसजवळ ‘अल्विन’ या पाणबुडीतून असे उष्ण झरे पहिल्यांदा दिसले. सूर्याशिवाय, रसायनांच्या बळावर जगणारी संपूर्ण वस्ती तिथे नांदत होती. हिंदी महासागरात २००१ मध्ये कायरेई या उष्ण झऱ्याजवळ एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर लोहसल्फाइडचे खवले होते. लोखंडाचे चिलखत अंगावर वाढवणारा दुसरा प्राणी माणसाला ठाऊक नाही. तिच्या वस्त्या अगदी मोजक्या झऱ्यांवर आहेत आणि त्यांतली काही ठिकाणे परदेशी खनिज करारांच्या क्षेत्रात येतात. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने तिला संकटग्रस्त ठरवले. खोल समुद्रातील खाणकामाच्या धोक्यामुळे संघाच्या लाल यादीत आलेली ही पहिली जात. भारतानेही याच महासागराच्या पर्वतरांगांवर सल्फाइड शोधण्याचे करार केले आहेत. २०१६ मध्ये एक आणि २०२५ मध्ये कार्ल्सबर्ग रांगेसाठी दुसरा.

खाणी अजून सुरू व्हायच्या आहेत, पण इतर हात केव्हाच तळाला पोहोचले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाजवळच्या समुद्री डोंगरांवर ऑरेंज रफी या माशासाठी तळ खरवडणारी जाळी ओढली गेली. हा मासा तिशीच्या आसपास प्रजननक्षम होतो आणि दोनशे वर्षांहून अधिक जगू शकतो. काही वर्षांतच त्याचे साठे कोसळले आणि जाळ्यांबरोबर शेकडो वर्षांचे प्रवाळही तुटून वर आले. युरोपीय संघाने २०१६ मध्ये ८०० मीटरच्या खाली अशी जाळी ओढण्यावर बंदी घातली, ती उशिरा का होईना योग्य होती. प्लास्टिक तर मारियाना गर्तेत जवळपास अकरा किलोमीटर खाली पोहोचले आहे. तिथल्या झिंग्यांसारख्या छोट्या जिवांच्या शरीरात, दशकांपूर्वी बंदी आलेली पीसीबी ही औद्योगिक रसायनेही सापडली आहेत.

खाणकामाच्या बाजूचा युक्तिवाद ऐकून घ्यायला हवा, कारण तो पोकळ नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना निकेल आणि कोबाल्ट लागते. जमिनीवरच्या खाणींनी इंडोनेशियातली जंगले आणि कांगोतली माणसे दोन्ही भरडली आहेत. ‘समुद्रात निदान गावे उठवावी लागत नाहीत’ असे म्हणणे सोपे जाते. पण बॅटऱ्यांची दिशा बदलते आहे. लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्यांना निकेल आणि कोबाल्ट दोन्ही लागत नाहीत आणि त्यांचा वापर वेगाने वाढतो आहे. समुद्रातली खाण सुरू झाली म्हणून जमिनीवरची एखादी बंद होईल, याची हमीही कोणी देत नाही.

गावे नाहीत, हाच तर मोठा धोका आहे. गोव्यात लोहखनिजाच्या खाणींचा गाळ भातशेतात आणि ओहोळांत उतरला तेव्हा त्याविरुद्ध बोलायला शेतकरी होते, संस्था होत्या, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. पाच किलोमीटर खाली तक्रार करायला कोणी नाही. तिथला कारभार जमैकातल्या किंग्स्टन इथे बसणाऱ्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाकडे आहे. समुद्रतळ हा मानवजातीचा सामायिक वारसा आहे, या तत्त्वावर ते १९९४ मध्ये उभे राहिले. खाणकामाचे नियम तिथे अनेक वर्षे चर्चेत अडकले आहेत. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने प्राधिकरणाला वळसा घालून स्वतःच्या कायद्याखाली परवाने देण्याचा मार्ग मोकळा केला. दुसरीकडे सुमारे चाळीस देशांनी खाणकाम थांबवा किंवा पुढे ढकला, अशी मागणी केली आहे. भारत त्यांच्यात नाही.

भारत तर तयारीत पुढे आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २०२१ मध्ये ‘वराह’ हे यंत्र ५२७० मीटर खोल तळावर चालवून दाखवले. तिघांना घेऊन सहा हजार मीटर खाली जाऊ शकेल अशी ‘मत्स्य-६०००’ पाणबुडी आकाराला येते आहे. ही पाणबुडी खरोखर मोलाची आहे, कारण तिच्यातून आपले जीवशास्त्रज्ञ स्वतःच्या डोळ्यांनी तो तळ पाहू शकतील. खनिज किती आहे, हे ठाऊक आहे. कोण राहते, हे नीट मोजायचे बाकी आहे, आणि आधी व्हायला हवे ते हेच काम.

क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यात २०१२ मध्ये नऊ मोठी क्षेत्रे खाणकामापासून राखून ठेवली गेली आणि २०२१ मध्ये त्यात आणखी चारांची भर पडली. हिंदी महासागरासाठी तशाच प्रादेशिक आराखड्याची चर्चा मे २०२३ मध्ये चेन्नईत झाली. गोव्यातल्या संस्थेकडे या खोऱ्याची चार दशकांची निरीक्षणे आहेत. कोणता टापू कायमचा अस्पर्श ठेवायचा, हे नकाशावर आखून देण्याइतकी माहिती या महासागराबद्दल दुसऱ्या क्वचितच कोणा देशाकडे असेल. तो नकाशा भारताने स्वतःहून प्राधिकरणासमोर ठेवावा, आणि पहिले यंत्र तळावर उतरण्याआधी ठेवावा.