गाजराचा वाफा

'गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली,' अशी एक म्हण मराठीत आहे. फारशी तयारी न करता, दैवावर हवाला ठेवून केलेल्या कामाला ती लावतात. पुंगी करताना ही वृत्ती एक वेळ चालेल. गाजर पिकवताना मात्र ती मुळीच चालत नाही. वांग्याचे रोप कोमेजले तर डोळ्यांना दिसते. पानावर कीड बसली तर ती वेचून काढता येते. गाजर जमिनीच्या पोटात वाढते. ते सरळ जात आहे की वाकडे, हे उपटेपर्यंत कळत नाही. आणि कळते तेव्हा सुधारण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणूनच गाजराचे पुष्कळसे यश बी पेरण्यापूर्वीच ठरते.

गाजर हे त्या झाडाचे सोटमूळ होय. पुढे फुलोरा धरण्यासाठी लागणारे अन्न झाड या मुळात साठवून ठेवते आणि ती साठवण माणूस खातो. बी रुजल्यावर प्रथम दोऱ्यासारखे बारीक मूळ सरळ खाली जाते. ते जाडसर होते ते नंतर. या कोवळ्या मुळाचे टोक खड्याला अडले किंवा मोडले, तर त्याला फाटे फुटतात आणि गाजर दोन-तीन पायांचे होते. जमिनीचा थर घट्ट असेल, तर ते आखूड व बोथट राहते. थोडक्यात, गाजराचा आकार म्हणजे जमिनीने दिलेली साक्षच असते.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात ही साक्ष विशेष लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहे. हा मूळचा शेतीचा मुलूख. चाकणची बाजारपेठ आजही कांद्याबटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना स्थापन झाला आणि पुढे एकामागून एक कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी ही गावे मिळून नगरपालिका झाली; १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. गावांचे शहर होताना शेतांवर घरे आली. घर बांधताना पाया खणतात, तेव्हा वरची सुपीक माती खाली दबते आणि खालचा मुरूम वर येतो. त्यात विटांचे तुकडे, वाळलेले सिमेंट व खडी मिसळते. अशा अंगणात वरवर खुरपून बी टाकले, तर पाला हिरवागार येतो. परंतु उपटल्यावर हाती बोटभर वाकडी मुळी लागते.

यास्तव पहिले काम मातीची परीक्षा करण्याचे. काचेच्या उभट बरणीत निम्मी माती घालून वर पाणी भरावे, झाकण लावून बरणी खूप हलवावी आणि दिवसभर न हलवता ठेवावी. वाळू सर्वांत आधी तळाशी बसते, तिच्यावर मध्यम कणांचा गाळ आणि सर्वांत शेवटी चिकणमाती. तळाचा थर जाड असेल, तर ती माती पाण्याचा निचरा चांगला करते. वरचा थर जाड असेल, तर माती भिजल्यावर फुगते व वाळल्यावर भेगाळते. दख्खनच्या काळ्या मातीचा हाच स्वभाव आहे. ज्वारी-हरभऱ्याला ती मानवते. गाजराला मात्र भुसभुशीत पोयट्याची माती लागते.

माती भारी असो की मुरमाड, तिच्यावर एक चांगला उपाय आहे. तो म्हणजे गादीवाफा. हातभर खोल खणून ढेकळे फोडावीत, माती चाळून खडे वेगळे करावेत आणि तीत पूर्ण कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत मिसळावे. मग वीतभर उंच वाफा बांधावा. त्यावर पाय देऊ नये, म्हणजे माती पुन्हा दबत नाही. शेणखत ताजे मात्र नसावे. त्याने मुळांना फाटे फुटतात. नत्राचे खत अधिक झाले, तर सारा जोर पानांवर जातो. ज्यांना अंगण नाही, त्यांना सज्जात ऊन येत असल्यास दीड वीत खोल कुंडीतही गाजर घेता येते. तिच्या तळाला पाणी जाण्यासाठी भोके मात्र हवीत.

कारखान्यांच्या परिसरात आणखी एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. रंग, तेल किंवा रसायने साठवलेले जुने पिंप स्वस्तात मिळाले, तरी त्याची कुंडी करू नये. जुन्या रंगाचे पोपडे, फुटलेल्या बॅटऱ्या किंवा कारखान्याचा कचरा पडलेल्या जागेतील मातीही घेऊ नये. शिशासारखे विषारी धातू अशा मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. कंदमुळे तर थेट त्या मातीतच पोसतात. त्यांना माती चिकटते आणि काही अंश आतही शोषला जातो. चव किंवा रंग यांवरून हे ओळखता येत नाही. नाल्याचे किंवा सांडपाणी मिसळलेल्या नदीचे पाणीही या पिकाला देऊ नये. मातीविषयी शंका असेल, तर बाहेरून आणलेल्या चांगल्या मातीने कुंडी भरणे हाच शहाणपणा.

मातीनंतर विचार ऋतूचा. गाजर हे थंडीचे पीक आहे. हवा साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस असते, तेव्हा त्याला रंग व गोडी उत्तम येते. पुणे जिल्ह्यात दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरू लागतो आणि पुढे थंडी पडते. पेरणीला तोच काळ योग्य. वाण दोन प्रकारचे असतात. नँटीससारखे युरोपीय वाण नारिंगी व गुळगुळीत असतात. देशी वाणांना उष्णता अधिक सोसते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेला 'पुसा केसर' हा लाल वाण त्यांपैकीच. ही संस्था १९०५ मध्ये बिहारमधील पुसा या गावी स्थापन झाली आणि १९३४ च्या भूकंपानंतर दिल्लीला हलवण्यात आली. परंतु तिच्या वाणांच्या नावांत ते गाव आजही टिकून आहे.

गाजराचे रोप एका जागेहून दुसरीकडे लावता येत नाही, कारण उपटताना मुळाचे टोक दुखावते. त्यामुळे बी वाफ्यातच पेरावे लागते. बी फार बारीक असते. ते कोरड्या वाळूत मिसळावे आणि वीत-सव्वा वीत अंतरावर ओळी पाडून त्यांत अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरावे. उगवण मंद असते; कोंब दिसायला दहा दिवस ते तीन आठवडे लागतात. या काळात वाफा एकदाही कोरडा पडता कामा नये. वर ओले गोणपाट पसरावे व कोंब दिसताच ते काढावे. ओळीत मध्येमध्ये मुळ्याचे चार दाणे टाकण्याची युक्तीही चांगली आहे. मुळा तीन-चार दिवसांत उगवतो, मातीची पापडी फोडतो आणि ओळ कोठे आहे ते दाखवतो.

यानंतर येते सर्वांत अवघड काम, ते विरळणीचे. रोपे बोटभर उंच झाली की दोन रोपांत चार बोटे अंतर राहील अशा बेताने मधली उपटून टाकावी लागतात. स्वतः वाढवलेले रोप उपटताना मुलांचा हात अडखळतो. पण येथे दया दाखवली, तर एकमेकांना खेटून उभी राहिलेली सारीच गाजरे किरकोळ राहतात. पाणी बेताने आणि नियमित द्यावे. माती फार दिवस कोरडी ठेवून मग एकदम भरपूर पाणी दिले, तर गाजर उभे चिरते. त्याचा माथा उघडा पडून उन्हाने हिरवा होतो. म्हणून मधूनमधून मातीची भर द्यावी.

साधारण तीन ते साडेतीन महिन्यांत गाजर तयार होते. दसऱ्याला पेरलेला वाफा भोगीच्या सुमारास काढणीला येतो. पावटा, वांगे, हरभरा यांच्याबरोबर गाजर घातलेली भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी घरोघरी होते ती याच दिवसांत. तेलातुपात शिजवलेले गाजर अंगी चांगले लागते. त्यातील रंगद्रव्य १८३१ मध्ये वाकेनरोडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने वेगळे केले आणि गाजराच्या लॅटिन नावावरून त्याला कॅरोटिन हे नाव मिळाले. आपले शरीर त्यापासून 'अ' जीवनसत्त्व तयार करते. डोळ्यांच्या आरोग्यासाठी ते आवश्यक असते.

देशी वाणाचे एखादे गाजर मुद्दाम न उपटता ठेवावे. थंडी सरल्यावर त्यातून उंच दांडा निघतो आणि पांढऱ्या फुलांच्या छत्र्या उमलतात. त्या पाहिल्या की कोथिंबिरीची आठवण होते, आणि ते बरोबरच आहे. कोथिंबीर, जिरे, बडीशेप व ओवा ही सारी गाजराचीच भावंडे आहेत. फुलांवर मधमाश्या येतात, पुढे बी धरते आणि साठवलेले अन्न संपून मूळ काष्ठवत होते.

पहिल्या वर्षी चार-दोन गाजरे वाकडी निघाली, तर ती फेकू नयेत. फाटा कोठे फुटला हे पाहून त्या खोलीवर वाफा पुन्हा उकरावा. बहुधा तेथे एखादा विटेचा तुकडा सापडेल. तो काढला की पुढच्या दसऱ्याची तयारी तेथूनच सुरू होते. जी जमीन एके काळी शेत होती, ती अशा रीतीने एकेका वाफ्याने पुन्हा पिकती होते.