संशोधनातलं ‘सिग्निफिकंट’ म्हणजे काय?

‘नव्या औषधामुळे रक्तदाबात लक्षणीय घट’ असा मथळा वाचला की रक्तदाब चांगलाच उतरला असणार, असं आपण धरून चालतो. मूळ शोधनिबंधात त्या जागी बहुधा ‘सिग्निफिकंट’ हा शब्द असतो. बोलण्यातल्या इंग्रजीत त्याचा अर्थ महत्त्वाचा, दखल घेण्याजोगा. संख्याशास्त्रात मात्र तो एका नेमक्या कामापुरता वापरतात: दिसलेला फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता फार कमी आहे, एवढंच त्यातून सांगायचं असतं. फरक मोठा की छोटा, हे त्यात येत नाही.

चहाचे आठ कप

इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल या शैवालांच्या अभ्यासक होत्या. कपात आधी दूध ओतलंय की चहा, हे चवीवरून ओळखता येतं, असं त्या म्हणत. तिथलेच संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५च्या ‘द डिझाइन ऑफ एक्स्परिमेंट्स’ या पुस्तकात, बाईंचं नाव न घेता, या दाव्याची परीक्षा मांडली. आठ कप, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी. कप सरमिसळ करून द्यायचे आणि दूध आधी असलेले चार तिने वेगळे काढायचे.

आठातून चार कप निवडण्याच्या रीती ७०, त्यांतली बरोबर एकच. म्हणजे नुसत्या अंदाजाने सगळे कप बरोबर येण्याची शक्यता ७०त १, जेमतेम दीड टक्का. तसं घडलं तर दावा मानायला आधार मिळतो. पण चारांतला एक कप चुकला तर? तीन किंवा त्याहून जास्त कप बरोबर येण्याच्या रीती १७ भरतात आणि शक्यता थेट २४ टक्क्यांवर जाते. तेवढं तर कुणालाही नशिबाने जमेल. एका कपाने पुराव्याचं वजन किती उतरतं, हे इथे स्वच्छ दिसतं.

५ टक्क्यांची रेघ

योगायोगाची ही शक्यता म्हणजे ‘पी-व्हॅल्यू’. ती ५ टक्क्यांखाली असली की निष्कर्षाला ‘सिग्निफिकंट’ म्हणायची प्रथा आहे. फिशर यांनी १९२५च्या पुस्तकात ही मर्यादा सोयीची म्हणून सुचवली होती. निसर्गाने आखलेली ती रेघ नाही. २०१२ साली हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या शोधासाठी भौतिकशास्त्रज्ञांनी लावलेली कसोटी सुमारे ३५ लाखांत १ इतकी कडक होती.

फरक किती, माणसं किती

समजा, एका चाचणीत दोन्ही गटांत १०-१० हजार रुग्ण आहेत आणि औषधाने रक्तदाब सरासरी १ मिलिमीटरने उतरला. १४०चा १३९. रुग्ण इतके असल्यामुळे हा फरक सहज ‘सिग्निफिकंट’ ठरेल. रुग्णाला त्याचा उपयोग जवळपास शून्य. दुसऱ्या चाचणीत २०-२० रुग्ण आणि घट ८ मिलिमीटरची. ही घट उपचाराच्या दृष्टीने मोलाची, तरी माणसं थोडी असल्याने ती त्या रेघेपलीकडे राहू शकते. मग ‘औषध निरुपयोगी’ असा मथळा येतो. माझ्या मते ही दुसरी चूक जास्त घातक आहे, कारण पुरावा अपुरा असणं आणि गुण नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी दोन गैरसमज

पी-व्हॅल्यू ३ टक्के आली म्हणजे औषध लागू पडण्याची खात्री ९७ टक्के, असं नव्हे. औषधात काहीच गुण नाही असं धरल्यावर असा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ३ टक्के, इतकाच तिचा अर्थ.

शिवाय काहीच गुण नसलेल्या गोष्टीच्या २० स्वतंत्र चाचण्या घेतल्या, तर त्यांतली निदान एक ‘सिग्निफिकंट’ निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. तेवढी एकच छापून आली तर वाचक फसणारच.

अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली पी-व्हॅल्यूच्या अशा गैरवापराविरुद्ध जाहीर निवेदन काढलं. २०१९ साली ‘नेचर’मधल्या एका लेखाने ही ‘सिग्निफिकंट’ची शिक्कामोर्तब पद्धतच सोडून देण्याची मागणी केली, तिला ८००हून अधिक संशोधकांनी पाठिंबा दिला.

तेव्हा ‘लक्षणीय’ असं छापलेलं दिसलं, तर घट किती झाली, किती रुग्णांत आणि किती काळ टिकली, हे बातमीत शोधा. ते आकडे नसतील, तर त्या बातमीच्या भरवशावर चालू गोळी बदलू नका. आधी डॉक्टरांना विचारा.