हायलँड्सचे किल्ले: कोणी पाडले, कोणी बांधले?

आजच्या भागात आपण स्कॉटलंडच्या उत्तरेला, हायलँड्सच्या डोंगराळ मुलखात जाणार आहोत. तिथं जाणारे बहुतेक जण दोन किल्ल्यांचे फोटो काढतात आणि पुढं सरकतात. पण हे किल्ले एका क्रमानं पाहिले ना, तर गोष्ट वेगळीच कळते.

मुक्काम इनव्हर्नेसला करा. तिथून लॉक नेसच्या काठाकाठानं अर्ध्या तासात अर्कर्टचा किल्ला येतो. दरवाजापाशी भिंतीचे अजस्र तुकडे पडलेत, ते नीट बघा. काळाच्या ओघात पडझड झाली असं आपल्याला वाटतं, पण तसं नाहीये. 1692 मध्ये सरकारी शिबंदीनं किल्ला सोडताना सुरुंग लावून तो उडवला, जॅकोबाइटांच्या हाती लागू नये म्हणून. जॅकोबाइट म्हणजे 1688 मध्ये पदच्युत झालेल्या राजा जेम्सच्या घराण्याचे पाठीराखे.

दुसरा एलन डोनन. पश्चिमेला, गाडीनं साधारण पावणेदोन तास. बेटावरचा तो पूलवाला किल्ला, कॅलेंडरवर असतो तोच! मॅकेंझी कुळाचं हे ठाणं. 1719 च्या उठावात तिथं स्पॅनिश सैनिक होते, तेव्हा ब्रिटिश युद्धनौकांनी तोफा डागून तो घेतला आणि उडवून दिला. पुढं दोनशे वर्षं नुसते अवशेष. आज दिसतो तो किल्ला 1912 ते 1932 मध्ये नव्यानं बांधलेला, पूलही त्याच वेळचा. म्हणून तो खोटा का? मला नाही वाटत. फक्त हे माहीत असावं.

मग कलोडन. इथं बघायला काहीच नाही म्हणून लोक टाळतात. टाळू नका. एक ओसाड माळ, दगडी थडगी, त्यांवर कुळांची नावं. 16 एप्रिल 1746 ला इथं तासाभराच्या आत जॅकोबाइटांचा शेवट झाला. त्यानंतर हायलँडचा पारंपरिक पोशाखसुद्धा कायद्यानं बंद झाला, तो थेट 1782 पर्यंत. सवलत कोणाला? राजाच्या फौजेत भरती झालेल्यांना!

आणि याच मुलखावर वचक ठेवायला बांधला फोर्ट जॉर्ज. 1748 ते 1769, एकवीस वर्षं काम चाललं, आणि हल्ला एकदाही झाला नाही. आतमध्ये हायलँड पलटणींचं संग्रहालय आहे, तिथं निवांत वेळ काढा. कारण इथं आपला संबंध येतो. 1793 मध्ये मॅकेंझी कुळाच्या प्रमुखानं 78 वी हायलँडर्स पलटण उभी केली. होय, तेच एलन डोननवाले मॅकेंझी. ही पलटण 23 सप्टेंबर 1803 ला वेलस्लीच्या हाताखाली लढली, कुठं? असईला, आपल्या जालना जिल्ह्यात, शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध. ज्यांचा किल्ला त्या सरकारनं उडवला, त्याच कुळाची पलटण ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत त्याच सरकारसाठी इथं आली होती.

आता थोडं कामाचं. डिसेंबरात तिथं दुपारी साडेतीनलाच सूर्य मावळतो, त्यामुळं एलन डोननला तरी सकाळी लवकर निघा. हिवाळ्यात वेळाही बदलतात, आधी तपासून घ्या. कलोडनच्या माळावर फिरायला तिकीट नाही, संग्रहालयाला आहे. आणि उन्हाळ्यात मिजेस नावाचे बारीक चावरे कीटक पिच्छा सोडत नाहीत, तेव्हा लांब बाह्यांचे कपडे घ्याच.