पन्नास विजयांचा मानकरी

अमेरिकन 'फुटबॉल' हा खेळ नावापुरताच काय तो पायाचा! तेथे अंडाकृती चेंडू हातात धरून पळतात, नाही तर हाताने फेकतात. या खेळाचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. अंगावर धावून येणाऱ्या धिप्पाड मंडळींना चुकवून चेंडू कोणाकडे फेकावा, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते.

केलन मूर हा असाच एक क्वार्टरबॅक. वॉशिंग्टन राज्यातील प्रॉसर हे त्याचे लहानसे गाव. वडील तेथील शाळेच्या संघाचे प्रशिक्षक; तेव्हा या खेळाचे बाळकडू त्याला घरीच मिळाले. उंची मात्र त्या खेळाच्या मानाने बेताची, आणि डाव्या हातात तोफेचा जोरही नाही. असा हा मुलगा आयडाहोतील बॉईसी स्टेट विद्यापीठाच्या निळ्याशार मैदानावर उतरला आणि २००८ ते २०११ या चार हंगामांत ५३ पैकी ५० सामने जिंकून बसला! यापूर्वीचा विक्रम होता ४५ विजयांचा. हरलेले तीन सामनेही कसे? एक गुणाने, तीन गुणांनी आणि पुन्हा एक गुणाने. म्हणजे चार वर्षांत त्याच्या पदरी पराभव आला तो अवघ्या पाच गुणांचा!

वाचकहो, अशा खेळाडूवर व्यावसायिक संघांच्या उड्या पडल्या असतील, असे आपणांस वाटेल. २०१२च्या निवडीत २५३ तरुणांची नावे पुकारली गेली. मूरचे नाव त्यांत नव्हते. उंची, वजन, हाताचा जोर ही मोजता येणारी मापे त्याच्या विरुद्ध गेली. डेट्रॉइटच्या संघाने त्याला ठेवून घेतले खरे, पण त्याची वर्षे बाकावर बसण्यात गेली. पुढे डॅलसकडून २०१५ साली त्याला सुरुवातीपासून खेळण्याची संधी मिळाली ती दोनच सामन्यांत, दोन्ही हरले.

तथापि, मी मराठीचा मास्तर असल्याने मला या कथेचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. ज्याला गणित आपोआप सुटते, त्याला ते दुसऱ्याला समजावून देता येतेच असे नाही. मूरला दैवाने जोरकस हात दिला नव्हता. म्हणून समोरचा गडी कोठे सरकणार आणि मोकळी जागा कोठे पडणार, हे त्याला आधीच हेरावे लागले. जे हेरून शिकावे लागते, ते शिकवताही येते. २०१८ साली डॅलसनेच त्याला प्रशिक्षक नेमले. वर्षभरात आक्रमणाची सारी आखणी त्याच्याकडे आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या आखणीवर खेळणाऱ्या फिलाडेल्फियाने सुपर बोल जिंकला, आणि त्याच आठवड्यात न्यू ऑर्लिन्सने त्याला मुख्य प्रशिक्षकपद दिले.

तेथे पहिले चारही सामने त्याचा संघ हरला. चार वर्षांत तीनच पराभव पाहिलेल्या माणसाला एका महिन्यात चार! पाचवा सामना मात्र जिंकला. खेळाडूला स्वतःपुरते जिंकता येते. मास्तराला मात्र दुसऱ्याच्या हातून जिंकावे लागते, आणि तो अभ्यासक्रम नेहमीच लांबलचक असतो.